करंगळीच्या नखाचा कोन

"हात नका लावू सर. त्याइचं त्याइले जुळू द्या."

परातीतल्या पाण्यावर लाकडाच्या बारीक चकत्या तरंगत असायच्या. दोन चकत्या जुळता जुळता अडल्या की माझं बोट आपोआप पुढे जायचं. त्याच क्षणी तो आपला हात मध्ये आडवा धरायचा, दुधाच्या पातेल्यावर धरतात तसा. मग परातीच्या काठाला दोन्ही तळवे लावून ती हलकेच हलवायचा. तीनदा हलवणं, एकदा थांबणं. थांबताना तो श्वासही धरून ठेवायचा, आणि का कोण जाणे, मीही.

वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. तो आमच्या प्रयोगशाळेचा परिचर होता. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तरी मी त्याला 'अरे' म्हणायचो आणि तो मला 'सर'. आज लिहिताना त्याला 'ते' म्हणावं असं फार वाटलं, दोन पानं तशी लिहिलीही. पण जो मान मी त्याला समोर कधी दिला नाही तो कागदावर देणं हाही एक खोटेपणाच झाला असता. तेव्हा 'तो'च लिहितो. नाव का लिहीत नाही, ते पुढे येईल.

त्याचं गाव जऊळक्याच्या पलीकडचं. कॉलेजात लागण्याआधी तो रिसोडच्या बाजारात एका अडत्याकडे सोयाबीन चाळायचं काम करत होता. दोरीला टांगलेली मोठी चाळणी, तिच्या एका कडेला हा. त्या कामाने त्याच्या हाताला एक लय लागली होती, ती शेवटपर्यंत सुटली नाही. चहाचा कप हातात आला तरी आधी तो गोल फिरवायचा, वर आलेली चहापत्ती एका बाजूला गोळा करायचा आणि मग दुसऱ्या बाजूने प्यायचा.

"चाळनीले घाई केली का खडा दान्यासंगं खाली जाते," तो सांगायचा. "हळू हालवलं का खडा सोताच कडीले येऊन बसते. म्हनते, मी खडा हाय, मले उचला."

आता मी काय काम करत होतो ते सांगायला हवं. अवघड नाही. घरी एक ताट घ्या, त्यात साबुदाण्याचा एकच थर पसरा आणि ताट हलकं हलवत राहा. थोड्या वेळाने दिसेल की एका दाण्याभोवती बरोबर सहा दाणे येऊन बसलेत, आणि असं जवळजवळ सगळ्या ताटभर. कोणी रचलेलं नसतं. गोल वस्तू दाटीवाटीने बसल्या की अशाच बसतात. मीठ, साखर, लोखंड, सगळ्यांच्या पोटात कणांची अशी काहीतरी ठरलेली मांडणी असते. त्यालाच आपण स्फटिक म्हणतो.

पण समजा, तुम्हाला ही मांडणी नको आहे. मध्ये मध्ये एकसारखी भोकं असलेली मांडणी हवी आहे, जिच्यातून बारीक वस्तू पार होईल आणि जाड अडेल. कण इतके लहान की कुठल्याही चिमट्यात धरता येत नाहीत. मग एकच उपाय उरतो. कणांच्या अंगावरच चिकटण्याच्या जागा अशा करायच्या की नुसतं हलवल्यावर ते आपणहून हव्या त्या घडीत बसतील. जगभरात लोक हे करू पाहतात. पुण्यातला माझा एक मित्र हे संगणकावर करत होता, आणि त्याच्या ओळखीने मीही त्यात शिरलो होतो. आम्हाला हवी असलेली मांडणी कागदावर काढून मी प्रयोगशाळेच्या भिंतीला लावली होती. तीन-तीन कणांचे त्रिकोण, कोपऱ्याला कोपरा जोडलेले, आणि मध्ये सहा कोनांची भोकं. संगणकात कण काही केल्या तसे बसत नव्हते. भोकं बुजवून साबुदाण्यासारखे दाटीने बसायचे.

एकदा तो काचेची नळकांडी पुसता पुसता त्या चित्रासमोर थांबला.

"हे तं डालगं हाय सर."

"कसलं डालगं?"

"कोंबड्या झाकाचं. बांबूच्या काड्याइचं. एक काडी आडवी, दोन तिरप्या, मंधात सहा कोनाचं भोक. कोंबडीची मान बाहीर येते, कोंबडी येत नाई."

मला हसू आलं. म्हटलं, "बाबा रे, डालगं विणायला माणूस असतो. इथे माणसाचा हात लागता कामा नये. काड्यांनीच स्वतःला विणून घ्यायचं."

त्याने चित्रातल्या एका भोकाभोवती बोट फिरवलं. फडकं हातातच होतं.

"म्हंजे डालग्यानंच डालगं कराचं," तो म्हणाला. "विननाऱ्याले सुट्टी." आणि फडकं खांद्यावर टाकून निघून गेला.

पुढच्या सोमवारी तो घरची पितळी परात घेऊन आला. सोबत तुराटीच्या चकत्या. तूर निघाल्यावर शेतात उरणारी ती वाळकी काडी. ती साल काढून, एकसारखी घासून, पैशाएवढ्या जाडीच्या चकत्या कापल्या होत्या. त्या पाण्यावर सोडल्या तर सगळ्या एकमेकींना जाऊन बिलगल्या. तरंगणाऱ्या वस्तू अशा एकमेकींकडे ओढल्या जातात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्याने ते शेतातल्या टाक्यात पाहिलं होतं.

"ह्या कोरड्या हायत, म्हनून साऱ्या अंगानं चिकटून राह्यल्या," तो म्हणाला. "भिजवल्या का सोडतीन."

डाळ भिजत घालावी तशा त्याने त्या चकत्या घरी भिजत घातल्या. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात जवळजवळ बुडून तरंगत होत्या आणि एकमेकींना विचारत नव्हत्या. मग त्याने मेणबत्तीचं मेण वितळवून प्रत्येक चकतीच्या कडेला समोरासमोर दोन ठिकाणी लावलं. आता फक्त मेणाकडून मेण ओढायचं, बाकी अंग मोकळं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी तर मुळीच नाही. मी त्या दिवशी टेबलामागे बसून पेपर तपासत होतो, आणि हा परातीत पाणी घेऊन काय खेळतोय म्हणून थोडा चिडलोही होतो.

मेण किती लावायचं यावर त्याचे दीड-दोन महिने गेले. थोडं लावलं तर एका जागी एकच शेजारी चिकटे, आणि चकत्यांच्या लांबच लांब माळा होत. जास्त लावलं तर तीन-तीन शेजारी घुसत आणि भोकं बुजत. एका मेणाला बरोबर दोनच शेजारी हवे होते. तो करंगळीचं नख लांबीत चकतीच्या कडेला लावून मेणाची रुंदी मोजायचा. नख वाढलं की माप चुकायचं, म्हणून दर शनिवारी नख कापून सोमवारी काम सुरू करायचा. मी पट्टी दिली, कोनमापक दिला. त्याने ते पुसून परत कपाटात ठेवले.

"नख घरी इसरत नाई सर."

इतकं करूनही घडी पूर्ण होत नव्हती. एका कोपऱ्यात पाच-सहा भोकं सुरेख यायची आणि शेजारी सगळा गुंता. तेव्हा मी माझी अक्कल लावली. म्हटलं, ओढ कमी पडतेय, मेणाचा थर जाड कर. संगणकातही मी आणि माझा पुण्याचा मित्र तेच करत होतो, आकर्षण वाढवत नेत होतो. त्याने निमूटपणे जाड थर लावला. परात हलवली. चकत्या पटापट चिकटल्या, आणि जशा वेड्यावाकड्या चिकटल्या तशाच राहिल्या. कितीही हलवा, सुटेनात.

त्याने परातीतली एक चकती नखाने उचकटून काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"पक्कं चिकटलं का पक्कं चुकलं सर."

"म्हणजे?"

"जोड कच्चा पायजे. चुकला तं सुटून परत याले पायजे. जे पायजे थे जमवनं सोपं हाय. जे नाई पायजे थे मोडता आलं पायजे."

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मान हलवून पेपर तपासायला लागलो होतो. संध्याकाळी घरी सायकल लावताना ते माझ्या डोक्यात फुटलं. आम्ही दोघं शिकलेले लोक इतके दिवस एकच विचारत होतो, की हवी ती घडी अधिक घट्ट कशी होईल. नको त्या घड्या ढिल्या कशा राहतील हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. मेण पातळ हवं, इतकं पातळ की दोन शेजारी एका मेणावर नीट बसले तरच जोड टिकावा. एकटा-दुकटा लागला तर पुढच्या हेलकाव्याला सुटावा. आणि हेलकावा चाळणीवाल्याच्या हाताचा हवा, खडा कडेला येईल पण दाणा उडणार नाही असा.

जमलं त्या दिवशी दुपारी लाइट गेली होती. पंखा बंद, वारा नाही. त्याने परात हलवायला घेतली. तीनदा, थांबणं. तीनदा, थांबणं. तासभर तरी गेला असेल. त्याच्या मानेवरून घाम परातीत पडेल की काय म्हणून मी वही घेऊन वारा घालायला लागलो, तर म्हणाला, "वारा नका घालू सर, पानी हालते." परातीच्या मध्यापासून भोकं उमलत गेली. एक भोक चुकीचं झालं, पाच कोनांचं. त्याने हात आडवा धरला, मला बजावल्यासारखा. दोन हेलकाव्यांनी ते भोक मोडलं, चकत्या वेगळ्या झाल्या, फिरल्या, आणि सहा कोनांनी परत बसल्या. मी ते डोळ्यांनी पाहिलं. आयुष्यात इतकं सुंदर मी फार थोडं पाहिलं आहे.

"झालं सर आपलं डालगं," तो म्हणाला. 'आपलं' म्हणाला. मी मोबाइलवर फोटो काढले.

पुढचं सगळं माझं आहे, म्हणजे माझ्या कर्माचं.

मी नखाची लांबी मोजली, चकतीचा घेर मोजला आणि कोन काढला. पातळ मेण म्हणजे किती ओढ, हेलकावा म्हणजे किती तापमान (इतक्या लहान कणांना उष्णताच हलवते), हे हिशेब मी पुण्याला पाठवले. मित्राने संगणकात ते आकडे घातले आणि तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. ओरडतच होता. "अरे, उघडलं! जाळं उघडलं! हा कोन तुला सुचला कसा?"

मी खरं सांगू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "थोडे प्रयोग केले परातीत."

शोधनिबंध चांगल्या नियतकालिकात आला. लेखक दोन, मित्र आणि मी. शेवटी आभारात 'प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे सहकार्य' इतकंच. नंतर परदेशातून दोघा-तिघांनी विचारलं की हा कोन तुम्ही कुठल्या तत्त्वावरून काढला. मी मागाहून एक तत्त्व रचलं, समीकरणांसकट, आणि त्यांना पाठवलं. खोटं नव्हतं ते. गणित बरोबर होतं. फक्त ते गणित कोन सापडल्यानंतर जन्मलं होतं. आमच्या निबंधात जो कोन छापला आहे, तो त्याच्या करंगळीच्या नखाचा आहे. शनिवारी कापलेल्या.

छापील पानं आली तेव्हा मी ती टेबलावर ठेवून वर्गावर गेलो होतो. परत आलो तर तो उभ्याउभ्या चाळत होता. इंग्रजी अक्षरं त्याला लागायची, हळूहळू. पहिल्या पानावर नावांखालून त्याचं बोट सरकत गेलं, माझ्या नावाशी आलं, पुढच्या रिकाम्या जागेवरून गेलं आणि पानाच्या कडेशी थांबलं. मग त्याने पान उलटलं.

"फोटो मस्त आला सर," तो म्हणाला. "परातीचा पोचा बी दिसून राह्यला."

मी काहीतरी पुटपुटलो. नियम असतात, पदवी लागते, असं काहीतरी. तसा नियम कुठेही नाही.

"हो ना," तो म्हणाला. "तुमचं काम मोठं झालं सर."

तुम्ही तिथे असता तर तुम्हाला काही कळलं नसतं. आवाज तोच, हसणं तेच. पण त्या दिवसापासून त्याच्या तोंडून 'आपलं' गेलं आणि 'तुमचं' आलं. तुमची परात कुठं ठेवू, तुमच्या चकत्या वाळल्या, तुमचा फोन वाजून राह्यला. परात तर त्याच्या घरची होती.

नंतर एकदाच त्याने माझ्याकडे काही मागितलं. परिचराचा प्रयोगशाळा सहायक व्हायची संधी आली होती. विभागप्रमुखाचं पत्र लागत होतं, उमेदवाराने तांत्रिक स्वरूपाचं काय काम केलं आहे याचं.

"दोन वळी लेहून द्या सर. जे केलं थे."

विभागप्रमुख मीच होतो. आणि जे केलं ते लिहिलं असतं तर ते पत्र आणि तो निबंध शेजारीशेजारी ठेवून कोणीही वाचू शकलं असतं. मी लिहिलं: सदर कर्मचारी प्रामाणिक व वक्तशीर असून त्यास स्वच्छतेची आवड आहे.

पाकीट मी उघडंच दिलं होतं. त्याने तिथेच वाचलं, मोठ्याने.

"स्वच्छतेची आवड," तो म्हणाला, आणि नळकांडी ठेवायच्या कपाटाकडे पाहून हसला. "हे तं बरोबर हाय सर. कोनी खोटं म्हनू शकत नाई."

पद दुसऱ्याला मिळालं. तो परिचर म्हणूनच निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी मी भाषण केलं आणि त्यात त्याच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं. तो पुढच्या रांगेत बसून ऐकत होता, चहाचा कप गोल फिरवत.

दोन पावसाळ्यांपूर्वी तो गेला. काविळीचं निमित्त झालं. मला उशिरा कळलं. जऊळक्याला उतरून जीपने त्याच्या गावी गेलो. घर चटकन सापडलं. वहिनी अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होत्या. मला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं.

"तुमी सर नं? या. त्याइच्या तोंडात तुमचंच नाव राहे." पाणी दिलं, चहा टाकला, आणि परत येऊन बसल्या. "सर, थे तुमचं दोघाइचं डालगं जमलं का मंग?"

मला आधी कळेचना.

"नाई म्हंजे, मी लय डाव विचारलं. म्हनलं, परात नेली थे आनत काहून नाई? तं म्हनत, आमचं काम चालू हाय. अजून जमून नाई राह्यलं. जमलं का सर नाव छापतीन माह्यं, मंग तुले दाखवतो. शेवटपावतर हेच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जमलं का?"

आता तुम्हीच विचार करा. पानं छापून कित्येक वर्षं झाली होती. त्याने स्वतः ती चाळली होती. नाव नाही हे स्वतःच्या बोटाने पाहिलं होतं. आणि घरी, स्वतःच्या बायकोला, तो सांगत राहिला की काम अजून जमलंच नाही. माझी लाज झाकायला तो आपल्या हाताचं यश नाकारत राहिला. आणि माझ्यासमोर सोडून दिलेलं ते 'आपलं' घरी त्याने जपून ठेवलं होतं: आमचं.

त्या दिवशीही मी भ्यालो. म्हणालो, "होईल वहिनी." चहा घेतला आणि निघालो. जीपमध्ये माझ्या लक्षात आलं, की मेलेल्या माणसाच्या खोटेपणावर मी जिवंतपणी पुन्हा सही करून आलो आहे. तिथेच ठरवलं. आता यापुढे एक दिवसही नाही.

जुने कागद मिळवण्यात आठवडा गेला, ते मिळताच परत गेलो. छापील पानं नेली, पत्राची कार्यालयीन प्रत नेली, आणि जसं इथे लिहिलं तसं सगळं सांगितलं.  पत्र वहिनींनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"स्वच्छतेची आवड," त्या म्हणाल्या. "घरी तं एक गिलास उचलत नोते."

मी हसू शकलो नाही. त्याही हसत नव्हत्या.

"तुमी माह्या घरी चहा पेले त्या दिवशी."

"हो."

"आन् काही बोलले नाई."

"नाही बोललो."

"मंग आज काहून?"

"त्याचं नाव तिथे घालायचं आहे. त्याचं, सगळ्यांच्या आधी. मी तसं लिहून देणार आहे. तुमची संमती लागेल. आणि हे सगळं मी मराठीतही लिहिणार आहे, त्याच्या नावासकट, म्हणजे इथल्या लोकांना कळेल."

त्या बराच वेळ पानांवरचा परातीचा फोटो पाहत राहिल्या.

"इथल्या लोकाइचं नंतर पाहू," त्या म्हणाल्या. "नाव जिथून खाल्लं, पयले तिथं येऊ द्या. तवापावतर कोठंच नाव लेहू नका. नाई तं इथं कौतुक करून मोकळे व्हान अन् तिथलं राहूनच जाईन."

मला ओळखलं होतं त्यांनी. म्हणून या लेखात त्याचं नाव नाही.

मी नियतकालिकाला लिहिलं. त्यांनी कळवलं की नाव वाढवायचं तर आधीच्या सर्व लेखकांच्या सह्या हव्यात. मी पुण्याच्या मित्राला फोन केला.

"इतक्या वर्षांनी? लोक हसतील रे," तो म्हणाला. "नखाने मोजलं म्हणून छापायचं?"

"हो. नखानेच मोजलं म्हणून."

"तुझं नाव खराब होईल."

"ते व्हायलाच हवं आहे."

त्याने दोन महिने लावले. मी दर सोमवारी फोन केला. शेवटी सांगितलं की तू सही केली नाहीस तर मी एकटा खुलासा छापीन आणि त्यात तू सही केली नाहीस हेही छापीन. त्याने सही केली. पाठवताना फोनवर म्हणाला, "मला त्या दिवशी सांगितलं असतंस तर मीच पहिलं नाव त्याचं घातलं असतं." ते खरं असणार. आणि ते ऐकणं सर्वांत जड गेलं.

दुरुस्तीत कोणी काय केलं याचा एक रकाना असतो. तो मी असा भरला: कणांवरील चिकट जागांची योजना, त्यांची रुंदी, जोड दुबळा ठेवण्याची कल्पना आणि सर्व प्रयोग, त्याचे. संगणकावरील पडताळणी, मित्राची. लेखन, माझं. माझ्यापुढे दुसरा शब्द लिहायला जागा होती. मी ती रिकामी ठेवली. कॉलेजलाही त्या पत्राबद्दल लेखी कळवलं आहे. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. मी विचारत राहीन.

गेल्या पंधरवड्यात छापण्यापूर्वीची प्रत तपासायला आली. तीन नावं, पहिलं त्याचं. मी ती छापून घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांनी हात धुऊन पदराला पुसले आणि पान घेतलं. इंग्रजी त्यांना येत नाही. त्याचं नाव कुठलं ते मी बोटाने दाखवलं. त्यांनी अक्षरं मोजली, नाव पूर्ण आहे ना म्हणून विचारलं, वडिलांचं नाव आहे ना विचारलं. मग त्यांची नजर नावाच्या टोकाशी असलेल्या एका बारीक खुणेवर थांबली.

"हे फुली कायले?"

"ती खूण असते वहिनी. लेखक हयात नसला की नावापुढे घालतात. सगळीकडे तसंच करतात."

"बाकी दोघाइले नाई?"

"आम्ही आहोत अजून."

त्यांनी पान माझ्या हातात परत दिलं.

"काम केलं तवा थे जित्ते होते ना?"

मी खिशातून पेन काढलं आणि त्यांच्यासमोरच ती खूण खोडली. बाजूला इंग्रजीत लिहिलं की हे काम करताना लेखक जिवंत होता, खूण काढून टाकावी. घरी येऊन प्रत पाठवली. उत्तर आलं की ही जगभरची पद्धत आहे, खूण ठेवावी लागेल. मी तेच वाक्य लिहून प्रत पुन्हा पाठवली. काल परत तेच उत्तर आलं. आज सकाळी मी ती तिसऱ्यांदा पाठवली आहे.